दानाच्या पिशवीतला पैसा जातो कुठे?

इथे आपण सगळे जुन्या वाड्यांच्या, गणपतीच्या, मेळ्यातल्या पाळण्यांच्या आठवणी लिहितो. मी आज जरा वेगळं लिहितोय. आठवणी आहेतच, पण त्यांच्या आडून एक मतही मांडायचंय. लांबलं तर सांभाळून घ्या.

निमित्त झालं गेल्या गणपतीचं. लष्करात आमच्या ओळखीच्या एका घरी आरतीला गेलो होतो. लहानपणापासून जातो, मोदक कधी चुकवलेला नाही. आरतीनंतर मंडळाचं पावतीबुक निघालं, मी माझी वर्गणी दिली, आणि काकू सहज म्हणाल्या, "तुमचं बरं आहे बाबा. तुमच्या चर्चला बाहेरून पैसा येतो. आम्हाला इथे एकेका पावतीसाठी चार-चार जिने चढावे लागतात." काकूंच्या मनात वाकडं काही नव्हतं, चाळीस वर्षं ओळखतो मी त्यांना. मी हसलो आणि दुसरा मोदक घेतला. घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली, "मग सांगायचं ना त्यांना, की तुम्ही सहा वर्षं खजिनदार होतात आणि त्यातली चार वर्षं छत गळत होतं."

तेव्हा काकूंना, आणि हा प्रश्न ज्यांच्या मनात असेल त्या सगळ्यांना, हे उत्तर.

आमचं घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं. आजी-आजोबा तिकडेच राहिले, वडील नोकरीसाठी ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी. आई म्हणायची, देवाशी हिंदीत बोलायचं म्हणजे दर रविवारी सासरी गेल्यासारखं वाटतं. पण दानाची पिशवी फिरायला लागली की भाषेचा प्रश्न उरत नाही. उपदेश संपतो, गीत सुरू होतं आणि मखमली पिशवी ओळीओळीने पुढे सरकते. तिच्यात हात घालायचा तो मूठ मिटून, कोणी किती टाकलं ते शेजारच्यालाही कळू नये म्हणून. आम्ही मुलं मुद्दाम चार आण्याचं नाणं वरून सोडायचो, खण्णकन आवाज यावा म्हणून. मग आईचा चिमटा बसायचा.

आईचा एक बोर्नव्हिटाचा डबा होता. ती शिवणकाम करायची. शिवणाचे दहा रुपये आले की त्यातला एक आधी डब्यात, भाजी-किराणा-फी सगळं नंतर. 'दशांश' हा शब्द मी पुष्कळ उशिरा शिकलो, डबा आधी पाहिला. महिनाअखेरीला वडील त्या डब्याकडे बघायचे, आई वडिलांकडे बघायची आणि विषय तिथेच संपायचा.

वर्षातून एकदा हंगामाचा सण. ज्यांची शेती आहे ते धान्य आणतात, बाकीचे जे असेल ते. पेरू, अंडी, घरची कोंबडी, केक, विणलेली टोपी. उपासना झाली की अंगणात लिलाव. इथे वस्तूच्या किमतीला काही अर्थ नसतो. एका वर्षी एका भोपळ्यावर दोन व्याही अडून बसले, कोणी मागे हटेना, सातशे रुपयांवर बोली गेली. ज्याने जिंकला त्याने तो तिथल्या तिथे परत लिलावाला ठेवला. पुन्हा तीनशे आले. भोपळा शेवटी कोणाच्या घरी गेला आठवत नाही, पण त्या दिवशी हजार रुपये जमले ते आठवतं.

आता हा पैसा जातो कुठे. पिशवी रिकामी होते मागच्या खोलीतल्या टेबलावर. मोजायला दोघं जण, एकटा कधीच नाही. वहीत आकडा, खाली दोघांच्या सह्या. त्यातून विजेचं बिल, झाडलोट, नाताळचा खर्च. आणि एक ठरलेला हिस्सा 'वर' जातो. वर म्हणजे स्वर्गात नव्हे, धर्मप्रांताच्या ऑफिसात.

ही रचना आपल्या लोकांना फारशी माहीत नसते म्हणून थोडक्यात सांगतो. आमचं चर्च कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही, पण उदाहरण म्हणून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया घ्या. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांचा एक गट, असे सहा प्रवाह 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात एक झाले आणि हे चर्च उभं राहिलं. खाली गावोगावच्या मंडळ्या, त्यांच्यावर बिशपांचे धर्मप्रांत, सगळ्यांवर दिल्लीतला सिनॉड. इतर चर्चांमध्ये नावं बदलतात, पण साधारण ठेवण हीच. खालून वर पैसा जातो आणि वरून तो अशा ठिकाणी उतरतो जिथे पिशवीत फारसं काही पडत नाही. दहा-बारा घरांची मंडळी पाळकाचा पगार देऊ शकत नाही, तो त्यातून. म्हाताऱ्या पाळकांचं आणि पाळकांच्या विधवांचं निवृत्तिवेतन त्यातून. नवे पाळक शिकवायचे, खेड्यातल्या मुलांचं वसतिगृह चालवायचं, कुठे पूर आला तर ब्लँकेट पाठवायची, तेही त्यातून. म्हणजे आमच्या आईच्या डब्यातल्या रुपयातले काही पैसे अशा गावात खर्च झाले, जे गाव तिने कधी पाहिलं नाही आणि ज्याचं नावही तिला माहीत नव्हतं.

बाहेरच्या पैशाबद्दल काकू अगदीच चूक नव्हत्या, हे आधी कबूल करतो. मराठी ख्रिस्ती मंडळीची सुरुवातच त्या पैशावर झाली. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले 1813 साली, नगरला ठाणं बसलं 1831 मध्ये. शाळा, छापखाना, दवाखाने, पुढे पाळकांचे पगार, सगळं तिकडून. पण तिकडून म्हणजे कोणाकडून? तिथेही बहुतेक पैसा पिशवीचाच होता. पंडिता रमाबाई अमेरिकेत व्याख्यानं देत फिरल्या तेव्हा बोस्टनमध्ये 1887 च्या डिसेंबरात त्यांच्या कामासाठी असोसिएशन स्थापन झाली. गावोगाव 'रमाबाई सर्कल' निघाली, आणि सभासदाने द्यायचं काय तर वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं. त्या एकेका डॉलरवर 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. 1893 मध्ये त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. पुढे हिंगणे, पुढे महिला विद्यापीठ, तो इतिहास आपल्या घराघरात माहीत आहे. त्या काळी शारदा सदनावरून पुण्यात किती वादळ झालं तेही माहीत आहे, त्यात मी आत्ता शिरत नाही. मला एवढंच दिसतं, की अमेरिकेतल्या कुठल्या तरी गावात एक बाई वर्षाला एक डॉलर बाजूला काढत होती आणि तिला गोदूबाईंचं नावही माहीत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर तो पैसा घेताना आपल्या लोकांना टोचतही होतं. मिशनच्या मुख्यालयाचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 साली इकडे येऊन गेले. त्यांचा आग्रह असा की इथल्या मंडळीने आपल्या पायावर उभं राहावं, आपला पाळक आपण पोसावा. त्याच 1854 साली नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आपला पाळक मिळाला, पण त्याचा पगार? हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं सुटला नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या लोकांनी किती द्यायचं? आमची आजी सांगायची, त्यांच्या गावात रविवारी बायका पदरात मूठभर बाजरी आणायच्या आणि पुढे ठेवलेल्या टोपलीत ओतायच्या. पैसा नव्हता, बाजरी होती.

25 डिसेंबर 1905 ला सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली ती याच टोचणीतून. माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, असा तिचा बाणा. सोलापूरकडच्या करमाळा तालुक्यात तिचं काम होतं. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, तीही याच रस्त्याने. ज्यांनी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली आहेत त्यांना टिळकांचा पैशाचा व्यवहार ठाऊक आहे. हातात आलं की गेलंच. खजिनदार म्हणून मला त्या माणसाची धास्तीच वाटली असती.

ही काही फक्त ख्रिस्ती रीत नाही. अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड आठवा, दर माणशी एक पैसा जमवत 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड आठवा. मिझोरममध्ये तर 1910 पासून आजतागायत स्वयंपाक करणारी बाई भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला काढते, तो चर्चला जातो, विकला जातो, आणि त्यावर दूरदूरच्या प्रांतांत माणसं काम करतात. मूठ सगळीकडे सारखीच. तो तांदूळ आपल्याच गावात राहतो की पुढे जातो, एवढाच काय तो फरक.

आता ग्वाल्हेर. इथल्या ख्रिस्ती मंडळींना देण्याची सवय कमी होती, असं मला अनेक वर्षं वाटत आलंय, आणि त्याचं कारण मी मुरारच्या छावणीत शोधतो. किल्ला आणि मुरार 1886 मध्ये शिंद्यांना परत मिळाले, बदल्यात झाशी गेली, हे आपल्याला शाळेत शिकवलंय. तोवर मुरारला गोरी पलटण होती. छावणीतला पादरी सरकारी नोकर, त्याचा पगार सरकारी तिजोरीतून. सबंध हिंदुस्थानात छावण्यांची हीच पद्धत होती. गोरे गेले. अशा ठिकाणी मागे राहिलेल्या लोकांना जाड भिंतींच्या इमारती मिळाल्या, पण त्या सांभाळण्यासाठी खिशात हात घालायची सवय वारशात मिळाली नाही. नगरच्या खेड्यात इमारत नव्हती, सवय होती. हे माझं मत आहे, इथल्या कोणा मुरारकराला पटणार नाही, त्याने खाली खुशाल भांडावं.

आणि आता छताची गोष्ट.

दहा-बारा वर्षांपूर्वीची. मी खजिनदार. पावसाळ्यात वेदीच्या डाव्या बाजूला गळायला लागलं, मग मधोमध. आम्ही बादल्या ठेवायचो. प्रार्थनेत शांतता झाली की टप, टप. ठेकेदाराने 85 हजारांचा अंदाज दिला. कमिटीत एक तरुण सभासद होता, बँकेत नोकरीला, हुशार. तो म्हणाला, "अंकल, हम हर तिमाही ऊपर भेजते हैं। ऊपरवाले कभी हमारी बाल्टी देखने आए?" सगळे हसले. मग तो गंभीरपणे म्हणाला, एक वर्ष हिस्सा पाठवूच नका, छत होऊन जाईल.

त्याचं म्हणणं तेव्हाही चूक नव्हतं आणि आजही मी ते उडवून लावत नाही. आपलं घर गळतंय आणि आपण दुसऱ्या गावी पैसे पाठवतोय, हे कोणत्या गृहिणीला पटेल? शिवाय वर पाठवलेल्या पैशाचं काय होतं हे मला, खजिनदाराला, तरी कुठे माहीत होतं? सहा वर्षांत पावत्या आल्या, बिनचूक आल्या. पण तुमचा पैसा अमुक ठिकाणी, अमुक कामाला लागला, असं एक ओळीचं पत्रही आलं नाही. चर्चच्या जमिनी कोणी परस्पर विकल्या, कोर्टात कोणी गेलं, हे मात्र वर्तमानपत्रात वाचायला मिळायचं. कुठल्या ना कुठल्या गावचं, पण मिळायचं. अशा वेळी पिशवीत हात घालणाऱ्याची मूठ सैल होत नाही.

तर आम्ही हिस्सा थांबवला. रीतसर ठराव केला नाही. 'पुढच्या तिमाहीत बघू' असं तीन तिमाह्या म्हणालो. वहीत मी स्वतः तसं लिहिलं. छत झालं, छान झालं. नाताळला कोरडं चर्च, नवा रंग.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या मंडळ्यांची वार्षिक सभा होती. चहाच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते, पन्नाशीचे, खेड्यांत काम करणारे प्रचारक. पाच-सहा वस्त्या सायकलवरून सांभाळायचे. बोलता बोलता कळलं की त्यांचा पगार चार महिने आला नव्हता. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी सासऱ्यांकडून उसने घेतले होते, आणि त्या वयात सासऱ्यांपुढे हात पसरायचा म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कारण काय, तर खालून हिस्से आले नाहीत. त्या वर्षी फक्त आमचंच नव्हे, पुष्कळ ठिकाणची छतं दुरुस्त झाली होती. मी ग्वाल्हेरहून आलोय म्हटल्यावर ते आनंदाने म्हणाले, "अच्छा! सुना है आपके यहाँ छत नई हो गई। बहुत अच्छा हुआ।" टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

परत येऊन मी कमिटीत सगळं सांगितलं आणि थकलेला हिस्सा फेडायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात कंपाउंडची भिंत तशीच पडकी राहिली, आणि तो तरुण सभासद माझ्यावर नाराज राहिला. अजूनही त्याला माझं पटलेलं नाही. तो म्हणतो, प्रचारकाचा पगार थांबला ही वरच्यांची चूक, त्यांनी पगार आधी द्यायचा होता, इतर खर्च नंतर. यात तथ्य आहे.

पण माझं मत त्या चहाच्या रांगेत ठरलं ते ठरलं. हिस्सा गेलाच पाहिजे, आणि आईच्या डब्यासारखा आधी गेला पाहिजे, उरलंसुरलं म्हणून नव्हे. तो थांबवला की आपण आपल्यापुरतं एक मंडळ उरतो. नीटनेटकं, कोरडं, रंगवलेलं मंडळ. आणि ज्या गावात पिशवी हलकी असते त्या गावाला आपण न बोलता सांगतो की तुमचं तुम्ही बघा. आपल्याला असं कोणी सांगितलं असतं तर? नगरची ती बाजरीची टोपली एकटी किती पुरली असती? रमाबाईंना कोणी म्हणालं असतं की आमच्याच गावचं छत गळतंय, तर?

दुसरी बाजूही तितक्याच जोरात सांगतो. वरच्यांनी हिशेब खाली पाठवलाच पाहिजे, आणि तो ऑडिटच्या भाषेत नव्हे तर शिवणकाम करणाऱ्या बाईला कळेल असा. दानाविषयी उपदेश करताना पाळकमंडळी हमखास गरीब विधवेची गोष्ट सांगतात, तिने मंदिराच्या पेटीत आपल्याजवळचं होतं नव्हतं ते टाकलं ती. पण मार्काच्या शुभवर्तमानात त्या गोष्टीच्या अगदी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांबद्दल बजावतो, तो भाग पुष्कळदा गाळला जातो. आणि पौल? त्याने ठिकठिकाणच्या मंडळ्यांकडून यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. आपल्या विषयाचं हे सगळ्यात जुनं उदाहरण म्हणा. पण ती रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून, आणि हे त्याने करिंथकरांना पत्रात स्पष्ट कळवलं. संतालाही दोन सह्या लागल्या, मग आपल्याला का नकोत?

बाहेरचा पैसा आता आटत चाललाय. परदेशी देणग्यांचा कायदा 2010 चा, 2020 मध्ये तो आणखी आवळला. परदेशातून आलेली देणगी एका संस्थेने दुसरीला द्यायलाही बंदी झाली. आमच्या खेड्यातल्या कामाला काकू म्हणतात तो पैसा यापुढे पुरणार नाही. पिशवीच पुरवणार. मला याचं दुःख नाही, उशीरच झाला असं वाटतं. फक्त पिशवी पुरायची असेल तर ज्यांच्या मुठी त्यात जातात त्यांना उत्तर मिळायला हवं.

आम्ही एक छोटी गोष्ट केली. चर्चच्या दाराशी काळा फळा लावला. दर तिमाहीला त्यावर खडूने लिहितो: किती जमलं, किती इथे लागलं, किती वर गेलं. चौथी ओळ आहे, 'वर गेलेलं कुठे लागलं'. ती भरण्यासाठी आम्ही दर तिमाहीला पत्र लिहितो. पहिली दोन वर्षं ती ओळ रिकामीच राहायची आणि आम्ही ती तशीच रिकामी ठेवायचो, पुसायची नाही. लोक विचारायचे, ही ओळ कोरी का? आम्ही सांगायचो, उत्तराची वाट बघतोय. आता बहुतेक वेळा उत्तर येतं. दोन ओळींचं का होईना, येतं. गेल्या खेपेला तिथे एका वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं होतं. मुलं येता-जाता वाचत होती.

काकू, हे वाचत असाल तर, या वर्षी हंगामाच्या सणाला या. मोदकांची परतफेड म्हणून घरचा केक खाऊ घालतो. फळाही दाखवतो. लिलावाला थांबलात तर मात्र पर्स जरा जड घेऊन या, भोपळा हजाराखाली जात नाही हल्ली.